बॅटला लावलेलं तेल

परवा आमच्या घरात जवसाच्या तेलाचा वास सुटला आणि मला थेरगावची जुनी खोली आठवली.

आमची सायली तेव्हा शाळेत होती. तिला पहिली लेदर बॉलची बॅट आणली, तेव्हा कोचनी सांगितलं, "खेळायच्या आधी तेल पाजा." ह्यांची नोकरी चाकणला, मशीनवर. तेल म्हटलं की ह्यांच्या डोळ्यांपुढे एकच तेल यायचं. सायकलच्या चेनसाठी ठेवलेलं मशीनचं तेल घेतलं आणि शिफ्टवरून आल्या आल्या मन लावून बॅट चोळली. सकाळी बॅट काळपट, चिकट.

"अहो, जवसाचं तेल लावतात!" कोच म्हणाले. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, पोरगी आता भोकाड पसरणार. तिनं बॅट नाकाशी धरली. "पप्पांच्या शर्टाचा वास येतोय," म्हणाली आणि तीच घेऊन मैदानात उतरली.

तेव्हा वाटलं, पोर बापाची समजूत घालतेय. पण परवा राज्याच्या संघात निवड झाल्यावर तिनं कोरी बॅट आणून ह्यांच्याच पुढ्यात ठेवली. ह्यांनी बाटली दोनदा हुंगली. "जवसाचंच आहे हं, बघ."

"पप्पा," ती म्हणाली, "दोन थेंब मशीनचंही टाका."