जुनाट विकाराचा रकाना

आता लिहायला बसलोय खरा, पण माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही. साल सत्तावन्न की एकोणसाठ, हे मी बायकोशी तीनदा वाद घालूनही ठरलेलं नाही. दवाखान्याच्या पडवीला तेव्हा पत्रे होते की कौलं, तेही नाही. एवढं शिकलो, नावापुढे दोन डिग्र्या लागल्या, आणि साधं साल सांगता येत नाही! पण माणसं काय बोलली ते मात्र पक्कं आठवतं. रिकाम्या शीश्या जशा कपाटाच्या तळाशी साचत जातात, कुणी टाकत नाही आणि कुणी मोजत नाही, तसे हे किस्से साचलेत. चार मित्र जमले की एखादा बाहेर निघतो. आज सगळेच काढतो.

नंदुरबार तेव्हा तालुक्याचं गाव होतं. मी सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर. हाताखाली दोनच माणसं सांगण्यासारखी. एक आमचे हेडक्लार्क अण्णा, ज्यांनी आयुष्यात एकही कागद फाडला नाही. दुसरे हबीबचाचा, लस टोचणारे. पन्नाशीचे, शहरातल्या जुन्या मुसलमान घरातले, उभ्या तालुक्यात सायकलवर फिरलेले. चाचांना दमा होता. हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, सायकलला सुद्धा माहीत होतं, कारण चढ आला की चाचा उतरून तिच्या सीटवर हात टेकून उभे राहायचे. फक्त सरकारला माहीत नव्हतं.

*

त्या पावसाळ्यात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. लस थोडी, माणसं फार. जिल्ह्याहून सर्क्युलर आलं: जुनाट विकार असलेल्या इसमांस लस देण्यात प्राधान्य द्यावे. वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, वरती कुणीतरी शहाणा माणूस बसलाय. दम्याचा, हृदयाचा, साखरेचा रोगी पटकीत आधी जाणार, तेव्हा त्याला आधी.

दोन दिवसांनी दुसरं सर्क्युलर आलं: आजारी इसमांस लस टोचू नये!

दोन्हींवर सही एकच. मी तावातावाने अण्णांच्या टेबलावर दोन्ही कागद आपटले. "अण्णा, ह्यातलं कुठलं खरं?"

अण्णांनी चष्मा वर केला, दोन्ही वाचले आणि एकाच फायलीत लावले. "दोन्ही पाळायची साहेब. आजारी माणसाला आधी बोलवायचं आणि न टोचता आधी परत पाठवायचं!"

मी वर पत्र लिहिलं, की जुना विकार वेगळा आणि अंगात ताप असणं वेगळं. पहिल्याला टोचा, दुसऱ्याला थांबवा, असा अर्थ घ्यावा काय? उत्तर आलं नाही. मी माझ्याच जबाबदारीवर तो अर्थ घेतला आणि त्या दिवसापासून माझ्या छातीत धडधडायला लागलं. रोज सकाळी चाचांना सांगायचो, "चाचा, आज जरा जास्तच धडधडतंय हो." चाचा म्हणायचे, "साहेब, चहा कमी पेवा."

*

लिस्ट गावोगावच्या पाटलांनी पाठवायची होती. कोरीटकडच्या एका गावची लिस्ट आली, तीत पाटलांच्या घरातली सगळी माणसं हृदयविकाराची! बायको, भाऊ, भावजया, सुना, तीन मुलगे. म्हटलं, स्वतः जाऊन बघावं.

गेलो. गुजर घर, दारात कापसाची गाडी, ओट्यावर पाटील. त्यांचा थोरला मुलगा, लिस्टप्रमाणे हृदयाचा रोगी नंबर एक, तरातरा पुढे आला आणि आमची लशीची पेटी, जी मी आणि चाचा दोघं मिळून धरायचो, ती एका हाताने उचलून ओट्यावर ठेवली.

"पाटील," मी म्हटलं, "ह्याला हृदयविकार?"

"शे ना साहेब. कधी कधी घाबरस."

"कशाला घाबरतो?"

"पटकीले!"

चाचा खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसले. मला मात्र हसू येईना. त्याच गल्लीत एक म्हातारी सालदारीण ओट्याच्या कडेला बसून धापा टाकत होती आणि तिचं नाव लिस्टमध्ये नव्हतं! मी तिला आधी टोचायला सांगितलं. पाटील खवळले. पाटील म्हणून खवळले की बाप म्हणून, ते आज सांगता येणार नाही. पण वाक्य पक्कं आठवतं: "मंग कोनता आजार चालस ते सांगा ना साहेब, तोच लिखी देसूत!"

*

ह्यावर उपाय म्हणून वरून हुकूम आला. खोट्या लिस्टा बंद व्हाव्यात, सबब पात्र इसमांची नावे विकारासह दवंडी पिटून जाहीर करावीत, म्हणजे गावच खरं-खोटं करील!

हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याच्या घरात लग्नाची मुलगी नसणार.

म्हसावदला कोतवालाने ढोल वाजवून पहिलं नाव पुकारलं. एका चांगल्या घरची एकोणीस वर्षांची मुलगी. विकार, दमा. साखरपुडा झालेला होता. दवंडीवाला पुढच्या गल्लीत पोहोचेपर्यंत मुलाकडच्यांचा माणूस निघाला म्हणे. दुपारी तिचे वडील माझ्यासमोर उभे. हात जोडलेले, पण आवाज रागाचा.

"डाक्टरसाहेब, नाव पुसा."

"अहो, पण तिला खरोखर दमा आहे. तिला आधी लस मिळायला हवी."

"मन्ही पोरले काहीच नही. कधीच नव्हतं. तुमनी लस तुमनाजोडे ठेवा!"

मी समजावत राहिलो. तो माणूस ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, पटकी चार दिन ऱ्हास. हाई नाव जनमभर ऱ्हाई."

त्या दिवशी म्हसावदला पात्र म्हणून जाहीर झालेल्यांपैकी एकही माणूस टोचून घ्यायला आला नाही. कोतवाल उरलेली नावं वाचत राहिला, कारण हुकूम तसा होता. परतताना चाचा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, "पाटीलना घरमा निरोगीसले आजार शे, आठे आजारीसले काहीच नही. तालुका बरा व्हई गया साहेब!"

*

एक किस्सा सांगताना मला अजून संताप येतो. सातपुड्यातून एक पावरा आदिवासी म्हातारा आला. पाय सुजलेले, नाडी अशी की हात लावून मीच घाबरलो. त्याच्या पाड्यावर दोन माणसं गेली होती, म्हणून शाळेच्या मास्तरांनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. दोन दिवस चालत, झाडाखाली बसत बसत तो खाली उतरला होता. मराठी फारशी येत नव्हती. चिठ्ठी पुढे करून तो उभा राहिला.

अण्णांनी फॉर्म काढला. "कुठून आला?" गाव सांगितलं. "कसा आला?" चालत. अण्णांनी फॉर्म बंद केला.

"साहेब, एवढा डोंगर चालून आला म्हणजे हृदय ठणठणीत आहे. पात्र होत नाही."

"आणि आला नसता तर?"

"तर गैरहजर!"

मी ओरडलो. आयुष्यात अण्णांवर एकदाच ओरडलो. "मग ह्याला पुन्हा वर चढवून मारू का, म्हणजे फॉर्मात बसेल?"

अण्णा वाईट माणूस नव्हते, हे लिहायलाच हवं. ते उठले, म्हाताऱ्याला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. फॉर्म मात्र दिला नाही. चाचांनी काही न विचारता सिरिंज उकळायला ठेवली आणि लशीच्या रजिस्टरात त्याच्या रकान्यात माझी सही घेतली. ती सही बरोबर होती की चूक, ह्याचा विचार मी त्यानंतर कित्येक दिवस केला, ह्याची मला आज लाज वाटते.

*

आता चाचांचं.

सर्क्युलरमध्ये टोचणाऱ्यांचा उल्लेखच नव्हता! जो माणूस रोज पटकीच्या गावात जाणार, त्याला लस द्यायची की नाही, हे कुणालाच सुचलं नव्हतं. मी वर लिहिलं. ह्या वेळी उत्तर आलं: सदर इसमास जुनाट विकार असल्यास दाखला जोडावा.

मी दाखला लिहायला घेतला. चाचांनी माझ्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं.

"साहेब, कागदवर दमा चढना का नोकरी उतरनी. अनफिट लिखतीन."

"पण तुम्हाला लस हवी. तुमच्यासारख्यालाच तर आधी हवी!"

"मन्हा दम मन्हा घरनी गोष्ट शे. सरकारले काय सांगानं?"

मग मी, ज्याने नियमांसाठी एवढा आरडाओरडा केला होता, त्याने दार लोटून हळूच म्हटलं, "चाचा, उघडलेल्या शीशीत एखादा डोस उरतोच. तो घ्या. रजिस्टरात काय लिहायचं ते मी बघतो."

चाचा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाही वर करून दाखवली. दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला. "टोची लिधं साहेब." त्याच सकाळी त्यांनी मलाही टोचलं. मी नको नको म्हणत होतो, तर म्हणाले, "शीशी फोडेल शे. आखो एक डोस उरी गया, वाया जाई." वाया जाऊ देणं मला पटेना. दंड पुढे केला. धडधड त्या दिवशी जरा कमी वाटली, हेही आठवतं.

आठवड्याने विसरवाडीच्या रस्त्यावर कॅम्प लागला. तिथे ट्रकवाले, बाजारकरू, सगळे एकाच हौदाचं पाणी पिणारे. तिसऱ्या दिवशी चाचांना ट्रकच्या फळीवर निजवून दवाखान्यात आणलं. पटकी. सलाईन लावायची तर छातीचं लिहावंच लागतं, नाहीतर रात्रपाळीचा माणूस बाटली भरधाव सोडणार. मी केसपेपरवर माझ्या हाताने लिहिलं: दमा, जुना.

चाचा वाचले. महिन्याभराने उठून बसले. पण केसपेपरची नक्कल वर जायची असते, ती गेली. पाठोपाठ हुकूम आला, चाचा अनफिट, घरी बसवावे. आणि त्यानंतर चारच दिवसांनी, त्याच ऑफिसातून, त्याच सहीचं दुसरं पत्र, केसपेपरच्या नकलेलाच दाखला धरून: दाखला पावला. सदर इसमास प्राधान्याने लस देण्यास हरकत नाही!

अण्णांनी दोन्ही पत्रं एकाच फायलीत लावली.

*

पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा सांगताना म्हणत असे, बघा, लस घेऊनही चाचांना पटकी झाली. त्या काळची लस तेवढीच. डॉक्टर मित्र मान डोलवायचे. मी एका परिषदेतसुद्धा तो उदाहरण म्हणून सांगितला आहे.

मी रिटायर झाल्यावर दवाखान्याची जुनी दप्तरं रद्दीत काढायची ठरली. तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावलं, काही ठेवण्यासारखं असेल तर बघा म्हणाले. त्या पावसाळ्याचं रजिस्टर सापडलं. बाही वर केलेल्या त्या सकाळचं पान काढलं. चाचांचं अक्षर मी कुठेही ओळखीन.

त्या दिवशी फोडलेल्या शीशीतले बाकी डोस इतरांच्या नावावर चढलेले, उरलेला एकच होता. त्यासमोर माझं नाव. प्राधान्याच्या रकान्यात: होय. जुनाट विकाराच्या रकान्यात लिहिलं होतं: छातीत धडधड, रोजची.

चाचांचं नाव मी सगळ्या रजिस्टरात शोधलं. दोनदा शोधलं. कुठेच नाही.