मायक्रोवेव्हमधलं वांगं

"घेऊन जा तुमची मशीन! बॉम्ब ठेवला माह्या घरात!" दार उघडता उघडताच वंदनाबाई म्हणाल्या.

गडचांदूरची सिमेंट कारखान्याची कॉलनी. त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे साहेबांनी, आमच्या चंद्रपूरच्या दुकानातून मायक्रोवेव्ह नेला होता.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो, घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. दुकानात डेमोचं काम करायचो, म्हणजे मशीन कशी वापरायची ते गिऱ्हाइकाला दाखवायचं. बाईंचा तक्रारीचा फोन आला, तेव्हा निघताना मालक रहीमभाई म्हणाले होते, "मशीन वापस आली तर तू उद्यापासून गोडाऊनमधी." गोडाऊनचं काम दिवसभराचं. म्हणजे कॉलेज सुटलं.

मशीन उघडली. आत छतापर्यंत वांगं चिकटलेलं. पुसून पाहिली, मशीन धडधाकट होती.

"भरीत करून राह्यल्या होत्या का, बाई?"

"मंग काय! चुलीवर कधी नाई फुटलं."

"चुलीवर साल जळून तडकते, वाफ निघते. यात साल शाबूत राहते. वाफ कोंडली की फुटते."

"हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"साहेबच डेमो नको म्हणाले."

"मले वाटलं, बटन दाबायले काय लागते," साहेब पेपरमागून पुटपुटले.

दुसरं वांगं घेतलं. काटा-चमच्यानं चहूकडून भोकं पाडली, काचेच्या भांड्यात ठेवलं, बटन दाबलं. आम्ही तिघं लांब उभे.

नाही फुटलं. मऊ शिजलं.

बाईंनी वास घेतला. "पण भाजल्याचा वास कुठी आहे?"

मी खरं तेच सांगितलं. "तो येणार नाई, बाई. भरीत गॅसवरच करा. साहेब शिफ्टवरून आले की जेवण गरम करायले ही ठेवा."

त्यांनी लगेच फ्रिजमधला भात स्टीलच्या डब्यासकट पुढे केला. "स्टील नाई चालत, ठिणग्या उडतात," म्हणून मी तो काचेच्या भांड्यात काढला. गरम केला, तर कडा पोळत होत्या आणि मध्ये गार. "म्हणून मधात थांबून हलवायचं, पुन्हा लावायचं. सगळीकडून वाफ निघाली की मगच खायचं."

साहेबांनी चाखला. "राहू दे मशीन," ते म्हणाले. बाईंनी त्याच वांग्याला फोडणी देऊन मला भाकरी वाढली. सुटलो एकदाचा!

"मशीन?" दुकानात रहीमभाईंनी विचारलं.

"तिथीच आहे."

"मंग तू बी इथीच."

तेव्हापासून बटनं दाखवायच्या आधी मी विचारतो, घरी काय काय शिजतं. आणि पिशवीत एक काटा-चमचा ठेवतो.