मचाणावरचे नानामामा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, झाडावर बसून शिकार करणाऱ्याला खरा धोका जनावराकडून नसतो; तो बुडाकडून असतो. जनावर येईल तेव्हा येईल, गारठा मात्र बसल्या क्षणापासून कामाला लागतो. हे संशोधन माझ्या नानामामांचं आहे. ते त्यांनी अमळनेर तालुक्यातल्या एका कडुनिंबावर, स्वतःच्या बुडावर केलेलं आहे आणि आजवर कोणीही ते खोडून काढलेलं नाही.

मामांची सगळी नोकरी अमळनेरच्या एका तेलाच्या गिरणीत बॉयलरपाशी गेली. माणूस आयुष्यभर उबेत राहिला की थंडी त्याला वैयक्तिक अपमान वाटू लागते. दिवाळीचे फटाके संपायच्या आत मामांची कानटोपी डोक्यावर चढे, ती होळी पेटल्यावरच उतरे. बाकी ते शिकारी होते, म्हणजे शिकारीच्या गोष्टी सांगत. तरुणपणी पिंपळनेरकडच्या रानात त्यांनी लोळवलेलं रानडुक्कर दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं. मी शाळेत होतो तेव्हा ते वासराएवढं होतं; माझ्या लग्नात मामांनी तेच डुक्कर माझ्या सासऱ्यांना सांगितलं, तेव्हा ते चांगलं म्हशीएवढं झालं होतं.

माझी आई ही त्यांची थोरली बहीण. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही. अक्का हौसेने मळ्यात एकटी राहते आणि तिला गावातला प्रत्येक माणूस, कुत्रं आणि ग्रामसेवक घाबरून असतो. फक्त रानडुकरं तेवढी घाबरत नव्हती. दोन हिवाळे त्यांनी तिचा हरभरा उकरून टाकला. तिसऱ्या वर्षी अक्काने जाहीर केलं की यंदाही हरभरा गेला तर मळा बटाईने देऊन टाकेन आणि धुळ्याला तुझ्या फ्लॅटमध्ये येऊन बसेन. अक्काला चौथ्या मजल्यावर ठेवायचं म्हणजे बैल गच्चीत बांधायचा. ती तिथे महिन्याभरात वाळली असती, आणि तोवर सोसायटीचं काय झालं असतं ते सांगत नाही.

एवढं बोलून तिने भावाकडे पाहिलं. "तू शिकारी शे ना? मंग बस झाडवर."

मामा सापडले. वनखात्याची रीतसर परवानगी निघाली, पीक राखायची परवान्याची बंदूक घरात होतीच. इतकी वर्षं गोष्टीत मारलेलं डुक्कर आता खरोखर मारायचं होतं. त्यावर मामांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की मचाणाला वारा कोणत्या बाजूने लागतो.

मदतीला मीही रजा काढून मळ्यात आलो. रोज पहाटे त्यांचा पोशाख चढवणं हे मुंजीसारखं कार्य असे. आत दोन बनियन, त्यावर शर्ट, शर्टावर छातीशी वर्तमानपत्राची घडी, त्यावर स्वेटर, पुन्हा वर्तमानपत्र, मग मामींचा गुलाबी स्वेटर, वरून गोणपाट. एवढं घालून शिडी चढता येत नसे. म्हणून मामा आधी हलके वर जात आणि कपडे मागाहून टोपलीत, दोरीने. पोशाख पुरा झाला की त्यांचे दोन्ही हात बगळ्याच्या पंखांसारखे बाजूला उभे राहत आणि बंदूक मला धरावी लागे. मामांनी श्वास घेतला की आतली जिल्हा पुरवणी करकरायची. मी हळूच सुचवलं की हा आवाज जनावराला जाईल. मामा म्हणाले, "त्याले काय समजस, पेपर शे का पालापाचोळा."

तरी गारठा खालून चढतच होता. मामांनी अमळनेरच्या पिंजारीचाचांना गाठलं आणि हातांसाठी दोन भोकं असलेली रजई मागितली. बसायच्या जागी कापूस दुप्पट. चाचा कामाचे पक्के. स्वतः मोटरसायकलवर रजई घेऊन मळ्यात आले, मामांना ती घालून पाहिली, चहूकडून फिरून निरखली आणि म्हणाले, "नाना, इसमें नींद आएगी, जानवर नहीं." तसंच झालं. तीन दिवस मामा मचाणावर घोरले आणि मी हरभऱ्याकडे आणि मामांकडे आळीपाळीने पाहत राहिलो.

मग मामांतला बॉयलरवाला जागा झाला. ऊब वर जाते, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. त्यांनी कडुनिंबाच्या बुंध्याशी कपाशीच्या काड्या पेटवायला लावल्या, निखारे घमेल्यात भरले आणि घमेलं बरोबर मचाणाखाली ठेवलं. काय सांगू, वर स्वर्ग झाला. पण डिसेंबरातल्या खान्देशात निखारा लपून राहत नाही. पहिल्या दिवशी कुत्री आली. दुसऱ्या दिवशी दूधवाला हात शेकायला थांबला. तिसऱ्या दिवशी माजी सरपंच आले आणि त्यांच्यामागून त्यांचे ऐकणारे. कोणी चहा आणला, कोणी वांगी आणून निखाऱ्यात खुपसली, कोणी मामांचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. सरपंचांनी तर मचाणाखाली उभं राहून डुक्कर निर्मूलनावर भाषण केलं आणि सर्वपक्षीय समिती नेमली. समितीचं पहिलं काम भरीत खाणं हे होतं. ते तिने एकमताने पार पाडलं.

वरून मामा ओरडत की तुम्ही शिकार बिघडवता. खालून लोक सांगत की नाना, तुमचं चालू द्या, आम्ही गप बसतो. गप बसून ते तमाशातली गाणी म्हणत. एवढ्या गर्दीत कोणतं डुक्कर येणार? महिना सरत आला. हरभरा गुडघ्याला लागला, घाट्यांनी भरला. अक्काची मुद्रा निवळत गेली आणि मामांची काळवंडत गेली. शेवटी ते बहिणीकडे तक्रार घेऊन गेले की डुक्कर येतच नाही.

"मंग चांगलंच शे ना," अक्का म्हणाली.

"मंग मी कसाले बसनू?" मामा म्हणाले, आणि जेवले नाहीत.

हरभरा निघाला. अक्का मळ्यातच राहिली, माझी सोसायटी सुखात राहिली. मामा मात्र पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबले नाहीत. त्याच वर्षी, भर मे महिन्यात, जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर डांबर वितळत असताना ते झोपेत गेले. एवढ्या थंडीशी लढलेला माणूस उन्हाळ्यात जावा, हे मला अजून पटत नाही. यंदा हिवाळ्यात मी सुट्टी काढून त्या मचाणावर बसतो. घमेलं खाली असतंच. लोक येतात, वांगी भाजतात, वर पाहून मला सल्ले देतात. मी त्यांच्यावर ओरडतो. तसं ओरडलं नाही तर त्यांना करमत नाही.

पण एक पहाट मी कोणालाच सांगितलेली नाही. परवानगीचा शेवटचा दिवस होता. मामांनी निखारे विझवले, लोकांना यायची बंदी केली, पेपर, रजई, गुलाबी स्वेटर सगळं घरी ठेवलं आणि साध्या सदऱ्यावर झाडावर चढले. या वेळी बंदूक त्यांच्या हातात होती. त्यांचे दात वाजत होते. मी माझी शाल पुढे केली, ती त्यांनी परत केली. उजाडता उजाडता बांधावरून ते आलं. म्हशीएवढं नव्हतं, पण पुष्कळ होतं. हरभऱ्यात शिरून त्याने नाक खुपसलं. मामांनी नेम धरला. थरथरणारी नळी हळूहळू स्थिर झाली, मी कानांत बोटं घातली. तेवढ्यात मळ्याच्या टोकाला अक्काच्या घरातला दिवा लागला.

आणि डुक्कर उधळलं. बांध, नाला, पलीकडची कपाशी, मागे न पाहता. गोळी सुटलीच नव्हती. मामांचं बोट चापावर तसंच होतं, आणि घरच्या माणसाला सावध करावं तसे ते डुकराला मचाणावरून जीव तोडून ओरडले होते, "आरे पय ना बावा, अक्का उठी गयी."