पडद्यामागची उलटी अक्षरं

मुलांनो, तुमचं विमानाचं पत्र आज आलं. पातळ निळा कागद खिडकीशी धरला तेव्हा पाठीमागची ओळ उलटी उमटलेली दिसली आणि ती मी सहज वाचली. कशी, ते आता लिहूनच ठेवते. रत्नागिरीत मूकपट दाखवणारा तंबू आला तेव्हा मी इंग्रजी शाळेत होते. चित्र मागूनही दिसावं म्हणून पडदा भिजवलेला असे; त्याच्यापुढे पुरुष बसत आणि मागे बायका. चित्रातल्या माणसांचं बोलणं पडद्यावर लिहून येई. पुरुषांना ते वाचून दाखवायला एक गृहस्थ होते. बायकांसाठी तंबूवाल्याने मला उभं केलं. मागून अक्षरं उलटी दिसणार, हे ना त्याच्या ध्यानात आलं ना माझ्या. पहिल्याच ओळीला मी अडखळले. "काय गो बाय, शाळेत जातंस ना? मग दातखीळ बसली काय?" एक कोळीण ओरडली, आणि सगळ्या हसल्या. "राहू दे, बाळ," तंबूवाला म्हणाला, "बायका नुसती चित्रं बघतील." मी म्हटलं, "उद्याचा एक दिवस द्या." दुसऱ्या दिवशी आईच्या फणेरपेटीतला आरसा पुस्तकासमोर धरून त्यातली अक्षरं मी दुपारभर मोठ्याने वाचली. संध्याकाळी पडद्यावर राणीला बंदिवासात टाकलं. तिचं बोलणं मी न अडखळता, पण घाईघाईने वाचलं. "हळू वाच गो," तीच कोळीण डोळे पुसत म्हणाली, "बोलूंदे तिला." त्या दिवसापासून तंबू उठेपर्यंत बायकांसाठी मीच वाचत होते. पुढे बोलपट आले, ते काम संपलं. आरसाही फुटला. उलटी अक्षरं मात्र मला अजून वाचता येतात.