शेंडा मारलेला ख्रिसमस

ख्रिसमसच्या झाडाला शेंडा लागतो, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला कळलं. तोपर्यंत शेंडा हा कापण्यासाठीच असतो अशी माझी समजूत होती. मी सायखेड्याच्या द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढलो. आमच्याकडे वेलीचा शेंडा वेळेवर मारला नाही तर घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.

शेंडा मारायचा म्हणजे वेलीचं टोक खुडायचं. मग वाढ वर पळत नाही, ताकद घडात उतरते. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. (फक्त ऐकतच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदाच माझ्या हातात कात्री दिली होती. मी काडीबरोबर चांगला भरलेला घड खाली पाडला. त्यानंतर आबांनी मला इंजिनीअर करायचं ठरवलं.) तर मी इंजिनीअर झालो, जर्मनीतल्या एका लहानशा गावात नोकरीला लागलो आणि पंचवटीतल्या प्राजक्ताशी लग्न करून तिलाही तिकडे घेऊन गेलो. निघताना आईने बॅगेत गोडा मसाला, लाटणं आणि द्राक्षाची कात्री कोंबली. कात्री कशाला, असं मी विचारलं. घरात असावी, असं आई म्हणाली. प्राजक्ता त्या कात्रीने कोथिंबीर कापायची, आणि तिथवर सगळं ठीक होतं.

आमच्या घरमालकीणबाई हिल्डाआजी वरच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. त्यांचे यजमान त्याच वर्षी उन्हाळ्यात गेले होते. आजोबांनी फार वर्षांपूर्वी मोठ्या कुंडीत एक सूचिपर्णी झाड लावलं होतं. वर्षभर ते अंगणात असायचं आणि ख्रिसमसला आत यायचं. पण यंदा आजींचं कंबरेचं दुखणं वाढलेलं, त्यामुळे ती कुंडी जिना चढून वर नेणार कोण? मग आजींनीच मार्ग काढला. झाड खाली आमच्या खोलीत ठेवायचं आणि ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं. तोवर त्या बहिणीकडे जाऊन येणार होत्या. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं, की पाणी घाला आणि हीटरजवळ ठेवू नका. झाड कापू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. असं सांगावं लागतं हे त्या बिचारीला कुठून सुचणार.

आम्हाला दोघांनाही फार आनंद झाला. नव्या देशातला पहिला सण, तोही घरच्यांबरोबर असल्यासारखा. प्राजक्ताने लगेच सायखेड्याला व्हिडिओ कॉल लावून झाड दाखवलं, खिडकीतून बर्फ दाखवला. आबा बागेत होते. थंडीचं कौतुक आम्हाला नको सांगू, निफाडला ये एकदा पहाटेचं, असं त्यांनी सुनेला ऐकवलं आणि मग मोबाईल डोळ्यांजवळ घेऊन झाडाकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा पडला.

"किती दाटी झालीये ही," आबा म्हणाले. "आत हवा खेळत नाय. भुरी येईल याच्यावर."

भुरी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर पडणारी पांढरी बुरशी. मी म्हणालो, आबा, हे द्राक्ष नाही. त्यावर आबांनी झाड ते झाड, असा निकाल दिला. मालकाने कितीतरी वर्षांत कात्री लावलेली दिसत नाही, असंही म्हणाले. आणि मग ते वाक्य आलं, जे मी दहावीपासून ऐकतोय.

"राहू दे. तुला नाय जमायचं."

आता काय सांगू? परदेशात नोकरी लागली, लग्न झालं, तरी हे वाक्य आलं की मी पुन्हा बांधावर उभा असतो आणि घड खाली पडलेला असतो. आबांच्या तोंडून एकदा तरी 'जमलं' ऐकायचं, एवढी एकच माझी इच्छा होती. प्राजक्ता सजावटीचं सामान आणायला बाहेर निघाली होती. दारातून म्हणाली, "अरे, आजींना विचारल्याशिवाय हात लावू नकोस." मी म्हटलं, दोनच फांद्या काढतो, कळणारसुद्धा नाही.

मोबाईल पुस्तकांना टेकवून ठेवला आणि स्वयंपाकघरातून कात्री आणली. डावीकडची एक फांदी काढली. मग झाड उजवीकडे झुकल्यासारखं वाटायला लागलं म्हणून उजवीकडची काढली. आता डावी बाजू जड दिसायला लागली. ज्यांनी घरी मुलांचे केस कापले आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. आबा सायखेड्याहून सूचना देत होते: ती आतली काढ, ती वाकडी काढ, डोळा (म्हणजे नवा कोंब फुटतो ती जागा) बघून काप. फांद्यांचा ढीग गुडघ्याला लागला तेव्हा आबा म्हणाले, "आता शेंडा मार."

मी मारला.

"थोडा खाली घ्यायला पाहिजे होता," आबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण हात बरा बसलाय तुझा."

मी खरं सांगतो, डिग्री मिळाली तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं. मी कात्री पुसून ठेवली, चहा टाकला आणि शीळ घालत बसलो. तेवढ्यात प्राजक्ता आली. हातात चमचमत्या गोळ्यांचा खोका होता. तो तिने खाली ठेवला आणि झाडाकडे बघत उभी राहिली.

"शेंडा कुठंय?"

"मारला."

"मग चांदणी कशाला लावणार आहेस?"

तेव्हा मला पहिल्यांदा चांदणीबद्दल कळलं. आजींनी ती प्राजक्ताला वर नेऊन दाखवली होती. लाकडाची, आजोबांनी स्वतः तासलेली. खालून भोक पाडलेलं, शेंड्यावर टोपीसारखी बसायची. दरवर्षी आजोबा ती लावायचे आणि ती लागल्याशिवाय त्यांच्या घरात ख्रिसमस सुरू व्हायचा नाही. या वर्षी आजी ती आमच्या झाडावर लावणार होत्या. म्हणजे त्यांच्याच झाडावर. म्हणजे मी आत्ताच ज्याचा खराटा केला होता, त्यावर.

प्राजक्ता मला एक शब्द बोलली नाही. (ती बोलते तेव्हा मी घाबरत नाही.) तिने सरळ आबांना फोन लावला. म्हणाली, "आबा, आता जोडायचं कसं ते सांगा." आबांनी पहिल्यांदा थोडा घसा खाकरला. मग म्हणाले, घाबरू नको सूनबाई, पाचर कलम करून टाकू. आम्ही फांद्यांच्या ढिगातून शेंडा शोधून काढला. खोडाच्या कापलेल्या टोकाला खाच पाडली, शेंड्याला पाचरीसारखं तासलं, खाचेत बसवलं आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गच्च गुंडाळली. आबांनी व्हिडिओवर बघून मान डोलावली. प्राजक्ताने विचारलं, हे धरायला किती वेळ लागेल? आबा म्हणाले, धरलं तर दीड-दोन महिने, आणि तोवर वर वजन द्यायचं नाय.

चांदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागायची होती.

मग आम्ही काय केलं नाही! शेंड्याला आधार म्हणून पेन्सिल बांधून बघितली, ती वाकली. लाकडी डाव बांधला, तो फार रुंद झाला. शेवटी प्राजक्ताने आईने दिलेलं लाटणं आणलं. ते खोडाच्या वरच्या टोकाला उभं लावून परकराच्या नाड्याने करकचून बांधलं आणि वरून तिची हिरवी ओढणी गुंडाळली. लांबून, दिवे मंद करून, डोळे किलकिले केले तर झाड बरं दिसत होतं. टकलाची बाजू आम्ही भिंतीकडे फिरवली. मग लक्षात आलं की दुसरीही बाजू टकलाचीच आहे. तिथे सगळे गोळे लावून टाकले. पुरणपोळीचा बेत होता, पण लाटणं झाडावर गेल्यामुळे शिऱ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी अंधार लवकरच पडला. हिल्डाआजी काठी टेकत आल्या. एका हातात बटाट्याचं सॅलड होतं आणि खांद्याला पिशवी, तिच्यात रुमालात गुंडाळलेली चांदणी. त्यांनी केस सेट केले होते आणि ठेवणीतला निळा ड्रेस घातला होता. आत आल्या आल्या झाडाकडे बघून त्या म्हणाल्या, लहान दिसतंय. मी म्हणालो, आमची खोली मोठी आहे. (खोली अशी होती की सोफ्यावर बसून गॅस बंद करता यायचा.) आजींनी पिशवी उतरवली. त्यांनी रुमाल सोडला आणि चांदणी माझ्या हातात दिली.

"तू लाव," त्या म्हणाल्या. "माझा हात पोचत नाही. आणि ही घरातल्या माणसाने लावायची असते."

आता सांगून टाकावं, असं मला त्या क्षणी वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही. मी स्टुलावर चढलो आणि श्वास रोखून चांदणी शेंड्यावर ठेवली. ती राहिली. आजींनी हात जोडल्यासारखे छातीशी धरले. प्राजक्ताने माझ्याकडे बघून डोळे मिटले. आणि मग शेंडा हळूहळू, पाहुण्यांना वाकून नमस्कार करावा तसा, पुढे झुकला, पट्टीतून सुटला आणि चांदणीसकट खाली टेबलावर ठेवलेल्या शिऱ्यात पडला. ओढणी घसरली. झाडाच्या डोक्यावर लाटणं तेवढं उभं राहिलं.

मी स्टुलावरच उभा होतो. तिथूनच सगळं सांगितलं. द्राक्षं सांगितली, भुरी सांगितली, कात्री सांगितली. माझं जर्मन कच्चं, त्यात रडू यायला लागलेलं, म्हणून अर्धं प्राजक्ताने सांगितलं. आजोबांचं झाड मी बिघडवलं, एवढं मात्र मी स्वतः म्हणालो. आजींनी चांदणी शिऱ्यातून काढली, रुमालाने पुसली. बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, तुझ्या वडिलांना फोन लाव.

तिकडे जेवणं उरकली होती. आबा पडद्यावर आले, आजींना बघून त्यांनी चटकन टोपी घातली. आजींनी एकच प्रश्न विचारला, तो प्राजक्ताने मराठीत सांगितला. हे झाड जगेल का?

आबांना मी जन्मापासून ओळखतो. हवामान, सरकार, बाजारभाव, शेजाऱ्यांची पोरं, कशाबद्दलही त्यांना 'माहीत नाही' म्हणताना मी ऐकलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"सांगता नाय येत, बाई," आबा म्हणाले. "माझा हात द्राक्षाचा. या झाडातलं मला काय कळत नाय, आणि तरी मी सांगत बसलो. चूक माझी हाय. पोराला बोलू नका."

प्राजक्ताने ते जर्मनमध्ये सांगितलं. मग आजींनी सांगितलं, की आजोबाही असेच होते. एका वसंतात शेजाऱ्याचं गुलाबाचं कुंपण न विचारता भादरून ठेवलं होतं आणि वर आभाराची वाट बघत बसले होते. हे सांगताना त्या हसल्या. त्या उन्हाळ्यानंतर आजींना हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी लाटणं हाताने चाचपून बघितलं, हे काय असतं विचारलं, आणि चांदणीचं भोक त्याच्या मुठीवर दाबून बसवलं. अगदी घट्ट बसली. त्या वर्षीचा आमचा ख्रिसमस लाटण्यावर साजरा झाला आणि शिराही सगळा संपला, चांदणी पडलेल्या भागासकट.

झाड जगलं. सायखेड्याला ही गोष्ट आबा स्वतः चारचौघांत सांगतात, पण त्यांच्या गोष्टीत शेंडा मी माझ्याच मनाने मारलेला असतो. मी ती दुरुस्त करत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी टोपी काढली होती, तेवढं मला पुरतं.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत झाडाच्या वरच्या दोन फांद्या वळून सरळ आभाळाकडे निघाल्या होत्या. म्हणजे एका शेंड्याचे दोन शेंडे. मी आनंदाने आबांना फोन करून दाखवलं. आबांनी मोबाईल पुन्हा डोळ्यांजवळ घेतला.

"दोनातला एक ठेवायचा असतो," ते म्हणाले. "कात्री कुठंय?"

मी सांगितलं, हिल्डाआजी यंदा बहिणीकडे जाताना कात्री बरोबर घेऊन गेल्या आहेत.

आबांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब केला. मग म्हणाले, "बाई शहाणी हाय. तुझ्या आईनं माझं ऐकलं असतं तर तुझ्या बॅगेत कात्री घातलीच नसती."