दाजींचे तीन हात

आमचे दाजी प्लंबर. पाइप कोपऱ्यात वळवायला जो सांधा लावतात, तो एल्बो. हा शब्द मूळचा प्लंबरांचाच, डॉक्टरांनी तो आपल्याकडून उचलला, असं दाजींचं ठाम मत होतं. मी इंग्रजीचा मास्तर. बायकोच्या भावाचं कोण ऐकतं, हे ठाऊक असूनही मला गप्प बसवेना.

"दाजी, जुन्या इंग्रजीत 'एल' म्हणजे कोपरापासून पुढचा हात. कापडही त्याच मापाने मोजायचे. आणि 'बो' म्हणजे वाक. हात वाकतो तिथे एल्बो."

दाजी खूश. टेप त्यांनी जन्मात वापरली नव्हती. भिंत असो की पाइप, कोपर टेकवून मोजायचे. "साहेबसुद्धा हातानेच मोजायचा," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दारातच ऐकवू लागले.

मग ते शिडीवरून पडले आणि उजवं कोपर मोडलं. प्लास्टर घालून घरी बसले, तेव्हा ताईने जुना विषय काढला. अख्ख्या गावाला नळ बसवणाऱ्याची बायको स्वतः न्हाणीघरातून बादल्या आणत होती, कारण तिच्या स्वयंपाकघरातल्या बेसिनला नळच नव्हता.

"रविवारपर्यंत नळ नाही लागला, तर दुसरा प्लंबर बोलावते," ती म्हणाली.

दाजींचा चेहरा उतरला. हात मोडल्याचंही त्यांना एवढं लागलं नव्हतं. प्लंबरच्या घरी दुसरा प्लंबर, म्हणजे चारचौघांत नाक कापलं जाणार.

डाव्या हाताच्या मापावर त्यांचा भरवसा नाही, म्हणून भिंत ताईने मोजली. तिचे तीन हात भरले. मी दुकानात सांगितलं, "दाजींच्या घरचा पाइप, तीन हात." दुकानदाराला दाजींचा हात तोंडपाठ, त्याने त्या हिशेबाने कापून दिला. ताईचा हात दाजींपेक्षा चांगला चार बोटं आखूड, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पाइप लावून पाहिला, तर नळ बेसिन ओलांडून थेट गॅसच्या शेगडीवर.

"चहाला बरं पडेल," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

दाजी एका हाताने करवत चालवायला गेले, जमेना. ताईने ती काढून घेतली. स्वतःचं कोपर टेकवून मोजलं, कापलं, एल्बो बसवला, नळ आवळला. दाजी आधी सूचना देत होते, मग नुसते बघत राहिले. पाणी आलं, सांध्यातून थेंबही गळला नाही. मला बहिणीचा अभिमान वाटला आणि दाजींची जरा कीवही आली.

शेजारीण डोकावली. "अगं बाई, नळ? कोणी बसवला?"

ताई तोंड उघडणार, तेवढ्यात दाजीच म्हणाले, "दुसरा प्लंबर बोलावला." मग ताईकडे वळून हळूच, "उद्या वकिलांकडे गळती आहे. सकाळी लवकर आवर."