वाळवणातला बबल टी

आज भाऊबीज.
बाबांना ओवाळणारी माझी आत्या श्रावणात गेली.

आमच्या घरी या दिवशी आत्यानं ओवाळल्याशिवाय बाबा चहासुद्धा घेत नाहीत. लहानपणापासूनचं आहे ते, कोणी ठरवलेलं नाही.

ती राहायची आमच्याकडेच, नवरा गेल्यापासून. तरी भाऊबीजेला ताट घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायची, घराला वळसा घालायची आणि पुढच्या दारात येऊन उभी राहायची.

बाबा आतून विचारायचे, "कोण होय?"

"बहीण होय तुही. लांबून आली. बस तरी म्हण न गा."

आज बाबा सकाळपासून पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसले होते. चहा दोनदा थंड झाला. आईनं दोनदा परत नेला.

खरं सांगते, मी थकले आहे.
घरात शिकलेली मी एकटी, म्हणून दवाखान्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळे कागद माझ्याकडे आले. प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न. नातं काय? आत्या. मग वडिलांना घेऊन या.
बाबा काही येत नव्हते.
मला वाटायचं, मी ग्रॅज्युएट झाले की घरातलं सगळं सोपं होईल. कागद झाले. बाकी काही सोपं झालं नाही.

आज लिहायचं होतं ते वेगळंच आहे.

होळीच्या सुमारास मला कन्हानला मुलींच्या अभ्यासवर्गात शिकवायचं काम मिळालं. त्या आनंदात मी आत्याला नागपुरात रामदासपेठेतल्या एका कॅफेत नेलं. दोघींसाठी मसाल्याचा बबल टी मागवला, तळाशी चिवट काळ्या गोळ्या असलेला चहा. तिनं जाड स्ट्रॉनं ओढला आणि दचकली. तोंडातली गोळी काढून तळहातावर ठेवली.

"यात काहीतरी पडलं वं."

"तेच खायचं असतं, आत्या."

तिनं ती परत तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

"साबुदाणा होय हा. जरा माजला आहे, बस."

दोन्ही स्ट्रॉ तिनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या. ऑटोत म्हणाली, "घरी करू. भाऊबीजेले तुया बापाले पाजू. पाहू, काय म्हणते."

पहिल्यांदा आम्ही साबुदाणा खिचडीसारखा रात्री भिजत घातला आणि सकाळी उकळत्या चहात सोडला. पातेल्यात पेज झाली.
आई म्हणाली, "हा चहा होय का खीर?"
आत्या म्हणाली, "उपासाले चालते."

मग मी व्हिडिओ पाहिला. साबुदाणा मिक्सरमधून काढायचा, चाळायचा, उकळत्या गुळाच्या पाण्यात मळायचा, गरम असतानाच गोळ्या वळायच्या. आत्या गोळ्या वळता वळता प्रत्येकीला अंगठ्यानं जरा दाबायची. गोल राहिल्या तर घरंगळतात म्हणे. तिचे लाडूही असेच, एका बाजूनं बसके.

व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं होतं, लगेच शिजवा, त्याच दिवशी संपवा.

"साबुदाण्याची वस्तू अन् वाळवाची नाई?"

"आत्या, हे वाळवत नसतात."

"नागपूरच्या उन्हाले काय माहीत थे?"

आणि तिनं बबल टीच्या गोळ्या गच्चीवर, जुन्या साडीवर, पापडांच्या शेजारी वाळत घातल्या. कडक झाल्यावर स्टीलच्या डब्यात भरल्या.
डबा फळीवर राहिला. आत्या गेली.

आई त्या डब्याला हात लावू देत नव्हती. "राहू दे. तिच्या हातचं तेवढंच उरलं."

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. कढई चढली नाही. शेजारच्यांनी फराळ आणून दिला, तोही तसाच झाकून होता.

दुपारी मी डबा खाली काढला.

आई दारात उभी. "नाई शिजल्या तर? विरघळल्या तर?"

मी म्हणाले, "आई, वाळवण पाहायले नसते. अन् बाबा उपाशी आहेत."

गॅस आईनंच पेटवला.

गोळ्या उकळत्या पाण्यात सोडल्या. पाणी लालसर झालं, काही फुटल्या. मला वाटलं, गेलं सगळं. मी ढवळणं थांबवलं आणि नुसती उभी राहिले. मग एकेक वर यायला लागली. काळी, फुगलेली, चकचकीत.
गुळाच्या पाकात टाकल्या. चहात सुंठ, लवंग, दालचिनी, वेलची. वरून जायफळ किसलं. ग्लासात आत्यानं धुऊन ठेवलेली कॅफेतली स्ट्रॉ.

आणि ग्लास घेऊन मी मागच्या दारानं बाहेर पडले.

घराला वळसा घातला. पुढच्या दारात उभी राहिले. बाबांनी पाहिलं. कोण होय, असं विचारलं नाही.

म्हणून मीच म्हणाले, "आत्यानं पाठवला. लांबून आला. बस तरी म्हणा न."

बाबांनी ग्लास घेतला. स्ट्रॉनं ओढला, दचकले, तोंडातली गोळी काढून तळहातावर ठेवली. अगदी तिच्यासारखी.

उलटून पाहिली. बसकी बाजू वर आली.

"दाबली पाहा तिनं," बाबा म्हणाले.

गोळी तोंडात टाकली. मग सगळा ग्लास संपवला. तळाशी राहिलेल्या गोळ्यांसाठी चमचा मागितला.

ग्लास परत देताना म्हणाले, "जायफळ कमी टाकलं वं तू. थे चहात जास्त टाके."

डबा रिकामा आहे. आईनं तो धुऊन उन्हात पालथा घातला.

आत्या, तुझी भाऊबीज पोचली. बाबांनी चहा घेतला.
आता तू बस निवांत.